आठवणींना भाडं पडत नाही

ब्रिटनमधल्या जुन्या कॉमिक्सच्या दुकानांचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी वासावर येते. जुन्या कागदाचा वास, ओल धरलेल्या तळघराचा वास, दुकानदाराच्या गार झालेल्या चहाचा वास. मग पुठ्ठ्याचे लांब पांढरे खोके येतात, करकरणारा जिना येतो, ‘तिथे पंचवीस पेन्सला मिळालेला अंक आज केवढ्याला जातो माहितेय का’ ही गोष्ट येते, आणि शेवटी सगळे मिळून इंटरनेटला शिव्या घालतात. मी या गप्पांना बसलेली आहे, चांगली हौसेने बसलेली आहे. खोके चाळून माझीही बोटं काळी झालेली आहेत. पण अलीकडे तिथून उठताना चिडचिड होते. एवढ्या सगळ्या वासांत आणि आवाजांत एक साधा आकडा कुणी काढत नाही: त्या दुकानाचं भाडं किती होतं?

माझ्या मते ती दुकानं स्वस्त जागेच्या जिवावर उभी होती. कॉमिक्सवरचं प्रेम होतंच, आणि ते आजही तसूभर कमी झालेलं नाही. जागा गेली. आणि जागा कुणी नेली, कशी नेली, हा प्रश्न कागदाच्या वासाचा नाही, तो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, आणि संसदेच्या टेबलावरचा आहे.

मी मूळची सांगलीची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लायब्ररी होती, तिथे इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक दिवसाच्या भाड्याने मिळायचे. वेताळ, त्याची कवटीची गुहा, त्याची अंगठी. अंक सुतळीने शिवलेले, मुखपृष्ठ बहुधा गळून पडलेलं, त्यामुळे कित्येक गोष्टींचं नाव काय होतं हे मला आजही ठाऊक नाही. २००१ मध्ये नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेले आणि दुसऱ्याच महिन्यात, किल्ल्या करून देणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर, अरुंद जिना चढून गेल्यावर, मला कॉमिक्सचं दुकान सापडलं. गल्ल्यावरच्या पोराने विचारलं, ‘भावासाठी काही शोधताय का?’ म्हटलं, भाऊ मिरजेला आहे आणि त्याला क्रिकेटशिवाय काही कळत नाही.

मालक मागे खोके लावत होता. त्याने ते ऐकलं, पोराकडे एकदा पाहिलं आणि मला प्लास्टिकच्या पिशवीतला एक अंक काढून दिला. १९६० च्या आसपासचा अमेरिकन अंक. छापील किंमत दहा सेंट, आणि तिच्या शेजारी शाईचा गोल शिक्का: नऊ पेन्स. आतल्या पानावर आणखी एक शिक्का, अदलाबदलीच्या कुठल्याशा दुकानाचा. सात पौंडांना मी तो घेतला. गोष्ट यथातथाच निघाली. शिक्के मात्र मी अजून बघते, कारण या सगळ्या धंद्याची कुंडली त्या दोन शिक्क्यांत आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती, म्हणून अमेरिकन मासिकांची आयात बंद झाली, आणि ती अडवणूक या ना त्या रूपात थेट १९५९ पर्यंत टिकली. मधल्या काळात इथल्याच प्रकाशकांनी अमेरिकन गोष्टी काळ्या-पांढऱ्या छपाईत काढल्या. बाकी मैदान देशी साप्ताहिकांचं होतं. डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीने १९३७ मध्ये ‘डँडी’ आणि १९३८ मध्ये ‘बीनो’ काढला. १९५० च्या सुमारास एकट्या ‘बीनो’चा आठवड्याचा खप वीस लाखांच्या घरात होता. हे अंक कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे मिळत, पोरं ते वाचत, आणि आई ते चूल पेटवायला नाहीतर माशांचं पुडकं बांधायला वापरे. जपून ठेवायची वस्तू ती नव्हतीच.

१९५९ मध्ये दार उघडलं, आणि लेस्टरची थॉर्प अँड पोर्टर ही कंपनी अमेरिकन कॉमिक्स आणून देशभर वाटायला लागली. तो नऊ पेन्सचा शिक्का तिचा. पण वाटपाला ना क्रम ना नेम. क्रमशः गोष्टीचा पहिला भाग तुमच्या गावात यायचा, दुसरा भलत्याच गावात, तिसरा बहुधा कुठेच नाही. ज्या पोराला वेड लागलं, त्याला पुढचा भाग मिळवण्यासाठी शहरभर सायकल हाणावी लागे. लंडनमध्ये पॉप्युलर बुक सेंटर नावाची दुकानांची साखळी होती. तिथला शिक्का मारलेला अंक वाचून परत नेला की अर्धे पैसे मिळत. आपल्याकडच्या रद्दीवाल्याचा आणि भाड्याच्या लायब्ररीचा हा सख्खा भाऊ. संग्राहक आज त्या शिक्क्यांवर डाफरतात, मुखपृष्ठाची वाट लावली म्हणून. पण ‘मागचा अंक’ नावाची वस्तू विकत मिळू शकते, ही कल्पनाच मुळात या शिक्केवाल्यांनी रुजवली.

तर कॉमिक्सचं खास दुकान जन्माला आलं ते या गोंधळातून. पेपरवाल्याकडे गेल्या आठवड्याचा अंक मिळत नाही. तो परत गेलेला असतो. ज्याला गेल्या वर्षीचा हवा आहे त्याने कुठे जायचं? १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला फिल क्लार्क आणि मंडळींनी ब्रिटनमधलं कॉमिक्सप्रेमींचं पहिलं संमेलन भरवलं, तेव्हा टेबलांवर हेच चाललं होतं: तुझ्याकडे नसलेला माझ्याकडे आहे, माझ्याकडे नसलेला तुझ्याकडे. क्लार्क यांनी पुढे त्याच शहरात ‘नॉस्टॅल्जिया अँड कॉमिक्स’ हे दुकान चालवलं. नावातच स्मरणरंजन होतं, पण धंदा अगदी वर्तमानातला होता.

लंडनमधलं आद्य दुकान म्हणजे ‘डार्क दे वेअर अँड गोल्डन-आइड’. रे ब्रॅडबरी यांच्या एका कथेचं नाव घेतलेलं हे दुकान १९६९ च्या सुमारास सुरू झालं आणि १९८१ मध्ये बंद पडलं. मधल्या काळात त्याने तीन जागा पाहिल्या: कोव्हेंट गार्डनजवळचं बेडफर्डबरी, मग सोहोतली बेरिक स्ट्रीट, मग तिथूनच जवळचं सेंट ॲन्स कोर्ट. कॉमिक्सलेखक ॲलन मूरसारखी पुढे नावारूपाला आलेली मंडळी तिथे गिऱ्हाईक म्हणून येत. आठवणी सांगणारे या दुकानाचं वर्णन देवळासारखं करतात. मला त्यातल्या गल्ल्यांमध्ये जास्त रस आहे. तेव्हाचं सोहो म्हणजे अंधारी दारं, लाल दिवे, ‘तसल्या’ पुस्तकांची दुकानं, पडायला आलेल्या इमारती. कोव्हेंट गार्डनचा भाजीबाजार १९७४ मध्ये तिथून हलला आणि सगळा परिसर पाडून नवा बांधायच्या योजना हवेत होत्या. जी जागा उद्या पाडणार आहेत, जिथे सभ्य माणूस संध्याकाळी फिरकत नाही, तिथेच मंगळावरच्या गोष्टी विकणाऱ्याला परवडेल असं भाडं असतं. बेशिस्तीची आणि बदनामीची ती सवलत होती.

१९७८ मध्ये निक लँडाऊ, माइक लेक आणि माइक लकमन यांनी डेन्मार्क स्ट्रीटवर ‘फॉरबिडन प्लॅनेट’ उघडलं. ही गल्ली गाण्याबजावण्यावाल्यांची. संगीत प्रकाशकांची ऑफिसं, गिटारची दुकानं, छोटे स्टुडिओ. रोलिंग स्टोन्सनी १९६४ मध्ये पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण इथेच केलं. या दुकानाच्या पाठीशी टायटन ही वितरण कंपनी होती, आणि १९८१ मध्ये त्याच मंडळींच्या टायटन बुक्सने ‘टू थाउजंड एडी’ या साप्ताहिकातल्या जज ड्रेडच्या गोष्टी पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली. पेपरवाल्याकडे आठवडाभर लटकून नाहीशी होणारी वस्तू त्यामुळे पाठकणा असलेलं पुस्तक झाली. गल्लीतल्या एका लहानशा भाड्याच्या गाळ्यातून एवढं निघालं. विरजण थोडंच लागतं, पण ते लावायला भांडं लागतं.

आता थोडा हिशोब करू या, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे.

पेपरवाला साप्ताहिकं घेतो ती विकतील तेवढ्यांचे पैसे देऊन, उरलेली परत. कॉमिक्सच्या दुकानाचा करार सत्तरच्या दशकापासून वेगळा ठरला. सवलत जास्त, पण माल परत घेतला जाणार नाही. दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवायची, आणि जे येईल ते तुमचं. दहा अंक मागवले, सात गेले, तर तीन तुमच्या उरावर. कुठल्याही शहाण्या वाण्याने हा धंदा केला नसता. पण या दुकानदारांकडे एक युक्ती होती: उरलेले तीन अंक पिशवीत घालायचे, पाठीला पुठ्ठा लावायचा, खोक्यात उभे करायचे आणि वाट बघायची. कधीतरी जिना चढून कुणीतरी येणार आणि म्हणणार, मला बत्तिसावा हवाय. तो कधी येईल? पुढच्या गुरुवारी येईल, नाहीतर चौदा वर्षांनी. दोन्ही मी पाहिलेलं आहे.

एका लांब खोक्यात साधारण सव्वादोनशे अंक मावतात. शंभर खोके म्हणजे बावीस-तेवीस हजार अंक. ते एकमेकांवर रचून चालत नाही. गिऱ्हाइकाला दोन बोटांनी चाळता आले पाहिजेत, म्हणजे टेबलं हवीत, टेबलांमधून माणूस जायला वाट हवी. थोडक्यात, या धंद्याला वाट बघायला लागते आणि वाट बघायला चौरस फूट लागतात. भाडं वाढलं की पहिला बळी जातो तो या खोक्यांचा. दुकानाच्या जागेत प्रत्येक फुटाने महिन्याला किती कमावलं हे मोजायला लागलं, की बत्तिसाव्या अंकाची चौदा वर्षं वाट पाहणं हा गुन्हा ठरतो. मग खोके तळघरात जातात, तळघरातून गॅरेजमध्ये, आणि समोर येतात कॉफीचे मग, टी-शर्ट, चावीच्या साखळ्या, मोठ्या डोक्यांच्या बाहुल्या. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ने हे बरोबर ओळखलं. २००३ पासून शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर असलेल्या त्यांच्या भल्यामोठ्या दुकानात शिरलात तर पहिल्यांदा खेळणी लागतात. कॉमिक्ससाठी तळमजला उतरून खाली जावं लागतं. यावर नाकं मुरडणाऱ्यांना मी विचारते, मध्य लंडनचं भाडं तुम्ही भरणार का?

इथे कुणीतरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की दुकानदारही धुतल्या तांदळासारखे नव्हते. नव्हतेच. १९९० च्या सुरुवातीला चमकत्या मुखपृष्ठांची, एकाच अंकाच्या चार-चार आवृत्त्यांची लाट आली. गुंतवणूक म्हणून घ्या, मुलांच्या कॉलेजची फी निघेल, असं सांगून तोच अंक एका माणसाला पाच-पाच प्रतींत विकला गेला. लाखो प्रती छापलेल्या वस्तूला दुर्मिळतेची किंमत कशी येणार? दोन-तीन वर्षांत फुगा फुटला आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दुकानं बसली. त्याचा दोष कुठल्याही जागामालकाला देता येणार नाही. पुढे ऑनलाइन लिलाव आले, घरबसल्या भाव कळायला लागले, खोक्यातला चमत्कार ओसरला. हेही खरंच.

आणि मला वैयक्तिक हिशोबही चुकता करायचा आहे. या दुकानांचं गुणगान गाणारे नव्वद टक्के पुरुष आहेत, हा माझा अंदाज; मोजलेलं नाही. त्यांना तिथे घरच्यासारखं वाटायचं. घर त्यांचंच होतं. बाई आत आली की संभाषण थांबायचं, मग कुणीतरी प्रमाणाबाहेर मदत करायचं, नाहीतर परीक्षा घ्यायचं: हा लेखक कोण, तो आधी कुठे लिहायचा. एका दुकानात, त्याचं नाव नको, भिंतीवरची चित्रं अशी होती की माझ्या मैत्रिणीने दारातूनच ‘मी बाहेर थांबते’ म्हटलं. स्मरणरंजनात हे सगळं धुऊन निघतं. म्हणूनच ‘ते दिवस परत यायला हवेत’ या हाकेला माझा हात वर जात नाही.

याला उतारा शोधणारेही त्याच धंद्यात होते. नॉटिंगहॅमला १९९४ मध्ये स्टीफन हॉलंड आणि मार्क सिम्प्सन यांनी ‘पेज ४५’ उघडलं, ते आयुष्यात कॉमिक न वाचलेल्या माणसालाही आत यावंसं वाटावं म्हणून. खिडकीत मुखवटेवाल्यांची गर्दी नाही, आणि ‘तुम्हाला एरवी काय वाचायला आवडतं?’ असं विचारून त्यावरून पुस्तक काढून देणारी माणसं. मला पहिल्यांदा कुणी हा प्रश्न विचारला तेव्हा मी गडबडून ‘वेताळ’ म्हणाले. मग वेताळ म्हणजे काय हे समजावण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि मी भलतंच, स्वयंपाकघरात घडणारं एक शांत पुस्तक घेऊन बाहेर पडले. लंडनचं ‘गॉश’ १९८६ पासून ब्रिटिश म्युझियमसमोर होतं. २०११ मध्ये ते हललं, बेरिक स्ट्रीटवर. म्हणजे ‘डार्क दे वेअर’चा मुक्काम जिथे होता त्याच रस्त्यावर. कॅम्डेनचं ‘मेगा सिटी’ही असंच अनेक वर्षं टिकलं.

मग लगेच मुद्दा येतो: टिकले की नाही? ज्यांच्यात दम होता ते टिकले, उरलेल्यांसाठी कशाला रडायचं? ब्रिटन आणि आयर्लंडमधली स्वतंत्र पुस्तकांची दुकानं १९९५ मध्ये सुमारे एकोणीसशे होती, २०१६ मध्ये ती ८६७ वर आली आणि २०२२ मध्ये पुन्हा हजाराच्या वर गेली. बाजार आपली काळजी घेतो, असं हे म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. टिकलेल्या कॉमिक्सच्या दुकानांनी बहुतांशी नव्या पुस्तकांचा रस्ता धरला, आणि तो धरला हे चांगलंच झालं. पण नवं पुस्तक आज इथे नसेल तर उद्या मागवता येतं. खोक्यांचं दुकान, जिथे शोधत नव्हतो ते सापडतं, ते त्या हिशोबात बसत नाही. आणि शहराने अशी आणखी कितीतरी दुकानं याच हिशोबात गमावलेली आहेत: जुन्या रेकॉर्ड्सची, गिटार दुरुस्तीची, बटणांची, पोस्टाच्या तिकिटांची. ज्यांचं गिऱ्हाईक कमी पण लांबून येणारं, आणि ज्यांचा माल हळू हलणारा, अशा सगळ्यांची.

कायदा याबाबत काय करतो ते बघण्यासारखं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५४ चा जागामालक-भाडेकरू कायदा दुकानदाराला मुदत संपल्यावर नवा करार मिळण्याचा हक्क देतो. वाचायला गोड. पण नवा करार बाजारभावाने, आणि दोन्ही बाजूंनी कबूल करून हा हक्क सोडताही येतो. म्हणजे जागेची गरज असलेल्या माणसापुढे कागद येतो, त्यात हक्क सोडल्याचं कलम असतं, आणि तो सही करतो. इंग्लंडमध्ये लहान दुकानाला बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या करात, सूट आहे, पण ती जागेच्या ठरवलेल्या वार्षिक भाडेमूल्यावर: बारा हजार पौंडांपर्यंत पूर्ण माफी, पंधरा हजारांपर्यंत थोडीथोडी. मध्य लंडनमध्ये एवढ्या मूल्याच्या गाळ्यात कॉमिक्सचं दुकान थाटायचं, तर गिऱ्हाइकांना फुटपाथवर उभं करावं लागेल.

त्याहून बोलका फरक नगररचनेत आहे. पब पटापट बंद पडून फ्लॅट व्हायला लागले तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला, आणि २०१७ पासून इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय पब पाडता येत नाही की त्याचा वापर बदलता येत नाही. दुकानांच्या बाबतीत तीनच वर्षांनी नेमकं उलटं झालं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘ई’ नावाचा एक मोठा वर्ग तयार करून त्यात दुकान, कॅफे, ऑफिस, व्यायामशाळा, दवाखाना सगळे एकत्र टाकले. एकातून दुसऱ्यात जायला परवानगी नको. पुढच्या वर्षी त्या वर्गातून घरांकडे जाण्याची वाटही सोपी झाली. याचा अर्थ असा की खोकेवाल्याची स्पर्धा आता शेजारच्या दुकानदाराशी नसून ऑफिस, जिम आणि फ्लॅट या सगळ्यांशी आहे. बिअरच्या ग्लासाभोवती जमणारी माणसं हा समाज आणि खोक्याभोवती जमणारी माणसं ही निव्वळ गिऱ्हाइकं, असं कुणी ठरवलं? पबची बाजू मांडायला आमदार-खासदार मिळतात, कारण तेही तिथे जातात. कॉमिक्सच्या दुकानाची बाजू मांडणारे आम्ही आपले आठवणी लिहीत बसतो.

डेन्मार्क स्ट्रीटवर एक पाटी आहे. ही गल्ली म्हणजे १९११ ते १९९२ या काळातली ‘टिन पॅन ॲली’, म्हणजे संगीत प्रकाशकांची गल्ली, असं ती सांगते. पाटीवर शेवटचं साल असणं मला फार प्रामाणिक वाटतं. आजूबाजूला क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गाचं स्टेशन झालं, भिंतीएवढे पडदे झळकायला लागले, जमिनीचा भाव गगनाला भिडला. पाटी मात्र जागच्या जागी, कारण पाटीला भाडं नाही. कॉमिक्सच्या दुकानांसाठीही अशा पाट्या लावा, संग्रहालयात एक खोली द्या, असं सुचवणारे लोक मला भेटतात. भली माणसं आहेत. पण पाटी ही मयतीनंतरची गोष्ट आहे.

भाडेनियंत्रण आणा, असं मात्र मी म्हणणार नाही. निदान मुंबई पाहिलेल्या माणसाने ते इतक्या सहज म्हणू नये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने गिरगाव-काळबादेवीत भाडी गोठवली. त्याच्या आसऱ्याने अनेक जुनी, हळू चालणारी दुकानं दोन-दोन पिढ्या टिकली हे खरं, आणि मालकाने चाळीच्या तुळयांकडे पाहायचं सोडलं, टेकू लागले, पगडीचा काळा पैसा फिरला, हेही तितकंच खरं. भाडं गोठवलं की इमारतही गोठते. मला जास्त पटतं ते पॅरिसचं. तिथल्या महापालिकेने आपल्या एका कंपनीमार्फत गाळे ताब्यात घेतले आणि लॅटिन क्वार्टरसारख्या भागात ते पुस्तकवाल्यांना भाड्याने दिले. जागेची मालकीच सार्वजनिक. मग भाडं किती आणि कुणाला हा निर्णय उघडपणे घेता येतो, आणि छप्पर दुरुस्त करायची जबाबदारी कुणाची यावर वाद राहत नाही. ब्रिटनमधल्या कौन्सिलांकडेही गाळे आहेत. पैशांच्या ओढाताणीत त्या ते विकत सुटल्या आहेत, हा प्रश्नाचा अवघड भाग, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र अलीकडे चांगली घडली. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना रिकाम्या दुकानांच्या भाड्याचा लिलाव करण्याचा अधिकार मिळाला. गेल्या दोन वर्षांत एकूण ३६५ दिवसांहून अधिक काळ जागा बंद राहिली असेल, तर मालकाची टाळाटाळ चालत नाही; बोली लागते, राखीव किंमत नसते, आणि जागा एक ते पाच वर्षांच्या कराराने दिली जाते. मालकांनी भाव पडू नये म्हणून गाळे कुलूपबंद ठेवायचे, हा खेळ त्यामुळे थोडा तरी मोडेल. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आठवला तो किल्ल्यांच्या दुकानावरचा जिना. दिवाळीनंतर बर्मिंगहॅमला गेले होते तेव्हा तो पाहून आले. किल्लीवाला गेला, त्या जागी ई-सिगारेटवाला आला, तोही गेला. वरच्या मजल्याच्या काचेवर ‘भाड्याने देणे आहे’चा फलक, ऊन खाऊन पांढुरका झालेला.

त्या कॉमिक्सच्या दुकानाचा मालक हल्ली गॅरेजमधून ऑनलाइन विकतो. चहाला बोलावलं होतं त्याने. गॅरेजमध्ये खोके छतापर्यंत एकावर एक. खालचा हवा असेल तर वरचे आठ उतरवायचे. त्याला मी लिलावाची सगळी माहिती उत्साहाने सांगितली: कलम, दिवस, राखीव किंमत नाही, वगैरे. म्हटलं, कौन्सिलने मनावर घेतलं तर ती तुमची जुनी जागा स्वस्तात मिळूही शकेल, घ्याल का?

त्याने चहाचा मग खाली ठेवला. ‘किती वर्षांचा करार?’

‘जास्तीत जास्त पाच.’

‘आणि पुढे मुदत वाढवायचा हक्क?’

‘नाही.’

तो उठला, छतापर्यंत गेलेल्या खोक्यांच्या भिंतीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘पाच वर्षांत तर माझं अजून ‘डी’ अक्षरसुद्धा लावून होणार नाही.’